यंदाही चांदणी लावा

राजमंड्री,
सोमवार, 8 डिसेंबर

ती. बाबा व ती. आई,
सप्रेम सलाम.

आज आम्हा मिशनऱ्यांचा सुटीचा वार. कपडे धुणं, भाजी आणणं, खोली झाडणं आणि घरी फोन करणं, सगळं त्यातच उरकायचं. सकाळी आईशी बोलणं झालंच आहे. तरी पत्र लिहितोय, कारण फोनवर आई भेटते, बाबा भेटत नाहीत. कधी ते पेन्शनच्या कामाला गेलेले असतात, कधी अंघोळीला, कधी त्यांचा नुकताच डोळा लागलेला असतो. आई, हे सांगताना तू कॅमेऱ्याकडे बघतसुद्धा नाहीस. असू दे. पाकिटावर माझं अक्षर दिसलं की बाबा चष्मा शोधतील, हे मला माहीत आहे. तेव्हा हे पत्र मुख्यतः त्यांच्यासाठी. तू मागून वाच.

मी लॅटर-डे सेंट्सच्या (लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात त्या) मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गेलो आणि तिच्या सेवेसाठी इथे आलो, याचा राग अजून आहे. ताईकडून कळलं की यंदा नाताळची चांदणी लावायची नाही, फराळ करायचा नाही, असं बाबांनी जाहीर केलंय. 'पोरगं नाताळात घर सोडून बसलंय, कुणासाठी करायचं?' बाबा, तुम्ही हे बोललात म्हणून मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते आईचं. नोव्हेंबर संपला की ती डबे घासून उन्हात मांडायला लागते. या वेळी ते माळ्यावरच आहेत म्हणे.

इथला नाताळ कसा आहे ते आधी सांगतो, म्हणजे मी उन्हातान्हात उपाशी फिरतोय असं डोक्यात असेल तर जाईल. राजमंड्रीत डिसेंबर लागला की संध्याकाळी कुठून ना कुठून गाण्यांचा आवाज येतोच. 'सेमी क्रिसमस' म्हणून एक प्रकार आहे. नाताळाच्या आधी महिनाभर ऑफिसात, कॉलेजात, गल्लीत, ज्याला जमेल तो नाताळ साजरा करून घेतो. केक, भाषण, दोन गाणी, जेवण. इथे लुथरन या प्रोटेस्टंट पंथाची मंडळी जुनी, तीही पुढे अमेरिकन मिशनऱ्यांनीच सांभाळलेली. त्यामुळे घरांवर चांदण्या खूप. सगळ्या प्लॅस्टिकच्या, दुकानातल्या. तुमच्यासारखी कामट्यांची, पतंगाच्या कागदाची एकही दिसली नाही, आणि मी प्रत्येक गच्चीकडे मान वर करून बघतो. माझा जोडीदार म्हणतो, तुला एक दिवस रिक्षा उडवणार आहे.

जोडीदार म्हणजे कंपॅनियन. आम्हाला एकट्याने कुठे जाता येत नाही, कायम दोघं. हा हैदराबादचा, माझ्याहून तीन वर्षांनी लहान, जन्मापासून आमच्याच मंडळीतला. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवा बंद. पांढरा शर्ट, टाय, पाठीला सॅक. निम्मं गाव आम्हाला एमआर समजतं. परवा एका मेडिकलवाल्याने बसायला खुर्ची दिली आणि नवीन स्कीम काय आहे ते विचारलं. दारोदार जाऊन आम्ही कुणाच्या गळी काही उतरवत नाही. जो बोलावतो त्याच्याकडे जातो. बाकी वेळ इंग्रजीचा वर्ग, आजाऱ्यांना भेटणं, मंडळीतल्यांची कामं. हेही ताईच्या सासरी सांगा, तिथे काहीबाही बोललं जातं असं ऐकतो.

चहा अजूनही नाही, आई, आमच्या मंडळीत तो चालत नाही. लोकांना वाईट वाटतं हो. दार उघडून आत घेतात आणि पहिलं आधण ठेवतात. एक आजी आहेत, मंडळीतल्याच एका भावाची आई, स्वतः पक्क्या लुथरन. माझ्यासाठी त्या दर वेळी दूध गरम करतात, हळद घालून, आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर उभ्या राहतात. गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे कज्जिकायलु चालले होते. आपल्या करंज्याच. सारण खोबऱ्याचं आणि गुळाचं. सगळ्या बायका साच्यात दाबून काढत होत्या. आजींनी मात्र साचा बाजूला सारला, पारी तळहातावर घेतली, सारण ठेवून मिटली आणि अंगठ्याने कडेला मुरड घालत गेल्या. बारीक, तिरकी, एकसारखी. आई, तुझी मुरड डावीकडून सुरू होते, त्यांची उजवीकडून, एवढाच फरक. मला म्हणाल्या, तू कर. मी केली. तुझ्या हाताखाली इतकी वर्षं बसलेलो, मुरड जमली. तेलात टाकली तर फुटली नाही. आजींनी सुनेला तेलुगूत काहीतरी सांगितलं. जोडीदाराने अर्थ लावून दिला: 'याच्या आईने याला मुलगी समजून वाढवलंय.' कौतुक होतं असं धरून चालतो. तिथे मात्र घशात काहीतरी अडकलं आणि मी हात धुवायच्या निमित्ताने मोरीवर गेलो.

बाबा, निघायच्या आदल्या रात्री तुम्ही मला विचारलं होतं, अमेरिकेतून आलेला एक धर्म घरात होताच, दुसरा कशाला आणलास? त्या वेळी मी गप्प बसलो. रागावून नाही, उत्तर नव्हतं म्हणून. आजही पुरतं नाही. पण इथे आल्यावर या प्रश्नाचा बराच विचार केला. तुम्हीच लहानपणी सांगायचात की अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1831 साली नगरला आले. आमची मंडळी न्यूयॉर्क राज्यात सुरू झाली ती 1830 सालच्या एप्रिलात. म्हणजे एकाच काळातल्या, एकाच मुलखातल्या या दोन गोष्टी. एक पणजोबांपर्यंत पोचली, दुसरी मला पुण्यात नोकरीला असताना भेटली. दोन्ही एकच आहेत असं मी म्हणत नाही. तुमच्या पाळकसाहेबांशी मी त्रैक्यावर, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एक की तीन यावर, वाद घालणार नाही, आणि त्यांना आम्ही ख्रिस्तीच वाटत नाही हेही मला ठाऊक आहे. माझ्यापुरतं एवढंच सांगतो: प्रार्थना करायला मी पुण्यात शिकलो नाही. ती मला जेवणाच्या पाटावर तुम्ही शिकवली.

आणखी एक, यावर तुम्हाला वाद घालायला आवडेल. त्याच मिशनच्या सिंथिया फरारबाईंचं नाव तुम्ही नेहमी काढता. 1827 साली अविवाहित बाई समुद्र ओलांडून आल्या, मुलींच्या शाळा काढल्या, 1862 साली नगरातच देह ठेवला. 'त्यांनी किती नाताळ घराबाहेर काढले असतील!' असं तुम्ही म्हणायचात, आणि मलाही ते पटायचं. पण त्या न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या. तिथल्या प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट, लोकांना नाताळ मान्यच नव्हता. मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा कायदा केला होता. तो 1681 साली गेला, पण सण म्हणून रितसर सुटी मिळायला 1856 साल उजाडलं. म्हणजे फरारबाई लहान असताना त्यांच्या घरी 25 डिसेंबर हा बहुतेक साधा कामाचा दिवस असणार. आपल्याकडची चांदणी, करंज्या, रात्रभर टाळ-मृदंगावर गात फिरणारी मुलं, यातलं काहीच त्यांनी बोटीतून आणलेलं नाही. ते नगरच्या लोकांनी आपलं आपण उभं केलं. आजोबांनी, आजीने, तुम्ही. मग अमेरिकेच्या एका मंडळीवरचा राग त्या चांदणीवर का? तिचा अमेरिकेशी काय संबंध?

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. आमच्यात 25 तारखेला रविवार नसेल तर उपासना नसते. यंदा गुरुवार आहे, त्यामुळे नाही. वाचून तुम्ही चष्मा काढून ठेवाल. मलाही हे जड जातंय. पहाटे थंड पाण्याने अंघोळ, नव्या शर्टाला दुकानाचा वास, नऊच्या उपासनेला पुढचा बाक धरायचा म्हणून तुमची घाई, आईची कुलूप सापडत नाही ही दरवर्षीची ओरड. हे काहीच नसताना तो दिवस कसा सुरू होणार, मला कल्पना करता येत नाही. कार्यक्रम आहे तो आधीच्या शनिवारी. लहान मुलं मेंढपाळ होणार, डोक्याला टॉवेल बांधून. मला बाळ येशूला भेटायला येणाऱ्या एका मागी राजाचं काम दिलंय, कारण उंचीला मीच आणि संवाद नाहीत. 25ला दुपारी जेवायला मंडळीतल्या एका घरी, संध्याकाळी दुसऱ्या. बिर्याणी दोन्हीकडे.

तेव्हा घर हवं वाटत नाही का, याचं उत्तर: वाटतं. रोज नाही, पण वाटतं. संध्याकाळी आम्ही कधी घाटावर जातो. गोदावरी इथे इतकी रुंद आहे की पलीकडचा काठ धुरकट दिसतो, आणि 1974 सालचा रेल्वे-रस्ता पूल तिच्यावरून संपता संपत नाही. नेवाशाच्या शाळेत असताना तुम्ही मला प्रवरासंगमावर न्यायचात, प्रवरा गोदावरीला मिळते तिथे. तीच नदी म्हणून मी एकदा पाण्यात हात घातला. जोडीदार म्हणाला, जायकवाडीच्या धरणातून सुटलं तर येणार ना तुमचं पाणी! शहाणा आहे.

मी दोन वर्षं पुरी करून येणार आहे, हे स्पष्ट सांगतो. फेब्रुवारी 2027 मध्ये. म्हणजे पुढचा नाताळही बाहेरच. पैसे कुणी देत नाही, हे मी पुण्यातल्या पगारातून साठवलेले आहेत, तेव्हा 'तिकडे पगारी नोकर झालाय' असं कुणी म्हणालं तर तुम्ही तरी ऐकून घेऊ नका. आमच्या इथले एक भाऊ वीसेक वर्षांपूर्वी असेच सेवेला गेले होते. त्या काळी घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळाला आणि मातृदिनाला. ते सांगतात, नाताळाचा फोन आला की आई नुसती रडायची आणि वेळ संपायची. आता 2019पासून दर आठवड्याला बोलता येतं. एवढी सोय असताना बाबांचा डोळा लागतो, याला काय म्हणावं!

म्हणून दोन मागण्या. चांदणी लावा. माळ्यावरचा जुना सांगाडा चालेल, फक्त कागद नवा चिकटवा, होल्डर बदलून घ्या, गेल्या वर्षी त्यातून ठिणगी उडाली होती. गच्चीवर भाच्याला चढवा. बाबा, तुम्ही खुर्चीवर बसून सूचना द्या, ते तुम्हाला उत्तम जमतं, गुडघा मात्र जिना मोजतो. आपल्या गल्लीचा पत्ता लोक डिसेंबरात 'चांदणीवाल्या गुरुजींच्या मागे' असा सांगतात, त्यांची पंचाईत करू नका.

दुसरी मागणी अवघड आहे. 24च्या रात्री तुम्ही बायबलातला लूकचा दुसरा अध्याय, येशूच्या जन्माचा, वाचता. इथेही तोच वाचतात, तेलुगूत. मला बेथलेहेम, योसेफ, मरिया एवढी नावं कळतात आणि तेवढ्यावर मी पुढचं मराठीत मनात लावत जातो. पण कैसर औगुस्तच्या त्या पहिल्याच वाक्याला तुम्ही घसा साफ करता, ते मला मनात लावता येत नाही. 25ला संध्याकाळी सात वाजता मी ताईच्या मोबाइलवर फोन करणार आहे, तशी मुभा आहे. त्या वेळी तो अध्याय तुम्ही वाचा. बोलू नका हवं तर. कानातलं मशीन दुपारीच चार्ज करून ठेवा, नाहीतर ऐन वेळी ते शिट्टी मारतं. मेंढपाळ परत जातात तिथपर्यंत वाचलंत तरी पुरे.

आई, बीपीची गोळी रात्रीची नाही, सकाळची. ताईने तक्त्यावर लिहून फ्रिजला लावलंय, ते बघत जा. हयातीचा दाखला बाबांनी दिला का ते पुढच्या सोमवारी सांग.

तुमचा,
धाकटा

ता. क. पार्सल मिळालं. चकल्या शाबूत, शंकरपाळे शाबूत, अनारशांचं पीठ झालं होतं. ते आम्ही दुधात घालून खाल्लं. जोडीदार विचारतोय, हा पदार्थ असाच असतो का? मी हो म्हणून सांगितलंय, तेव्हा पुढच्या वेळी नीट पॅक करून पाठवू नकोस.