पऱ्हाटीलाही काटा हवा

मा. संपादक,

कापसाची वेचणी आटोपली की आमच्याकडे पऱ्हाटी, म्हणजे कापसाची उरलेली झाडं, उपटून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ढीग घालतात नि एखाद्या संध्याकाळी काडी लावतात. त्याच वेळी वणीच्या खाणींतला कोळसा भरलेले ट्रक आमच्याच रस्त्याने धडधडत जात असतात. वाळलेल्या पऱ्हाटीत किलोमागे सुमारे ४,००० किलोकॅलरी उष्णता असते, म्हणजे आपल्याकडच्या कोळशाच्या जवळपास, आणि राख कितीतरी कमी.

पूर्वी ती चुलीत जायची. गॅस आला, बायकांचे डोळे वाचले, बरंच झालं. पऱ्हाटी मात्र बेवारस झाली. शेतात उभी ठेवावी, तर न उमललेल्या कवडी बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामाला छळते. म्हणून शेतकरी जाळतो, हौसेनं नाही.

औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात बायोमासच्या, म्हणजे शेतातल्या काडीकचऱ्याच्या, दाबून केलेल्या कांड्या मिसळाव्यात, असं केंद्र सरकारचं २०२१ चं धोरण सांगतं. पण मोकळी पऱ्हाटी ट्रॉलीत भरून पाहा. ट्रॉली शिगोशीग, वजन नाममात्र. डिझेलचेही पैसे निघत नाहीत. ती गावातच बारीक व्हायला हवी.

उन्हाळ्यात जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याचं, आवार रिकामं असतं. वजनाचा काटा आहे, वीज आहे, ट्रक वळायला जागा आहे. तिथेच पऱ्हाटी बारीक करणारं यंत्र, श्रेडर, बसवा आणि पऱ्हाटीचा क्विंटलचा भाव संक्रांतीपूर्वी जाहीर करा. मजुरी सुटली तर काडी कोण लावतो?

– एक कापूस उत्पादक, ता. वणी, जि. यवतमाळ