टसरचे स्टोल परदेशी पाठवण्याआधी

ती. आई-बाबांना,
सा. न.

आईच्या टसरच्या स्टोलना अमेरिका आणि जर्मनीतून विचारणा आली हे छानच झालं. पण बाबा, लगेच पार्सल बांधायला घेऊ नका. हल्ली गिऱ्हाईक मिळतं. पाकीट त्याच्या दारात पोहोचेपर्यंतचा खर्च कोण उचलणार, यावरच व्यवहार फिसकटतो.

आधी आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड काढा. डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार खात्याच्या) साइटवर ५०० रुपये भरून, पॅनच्या आधारावर, घरबसल्या होतं. पॅन आणि बँक खात्यावर आईचं नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. एकीकडे माहेरचं आणि दुसरीकडे सासरचं आडनाव असेल तर अर्ज तिथंच अडकतो. दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये, काही बदल नसला तरी, हा कोड अपडेट करावा लागतो. राहिलं तर बंद पडतो. जीएसटीत निर्यात ही आंतरराज्य विक्री धरतात, त्यामुळे ‘आपली उलाढाल लहान, आपल्याला नोंदणी नको’ असं गृहीत धरू नका. हस्तकलेची सूट आपल्याला लागू होते का, ते सीएंना विचारा. नोंदणी झालीच तर एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) दर आर्थिक वर्षी नव्यानं भरायचा, नाहीतर आधी कर भरून मग परताव्यासाठी खेटे घालावे लागतील.

आता पाकीट. स्टोल दीडशे ग्रॅमचा असला तरी कुरिअरवाले खोक्याच्या आकारावर वजन लावतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५०००नं भागायचं. ३० बाय २५ बाय १० चा खोका म्हणजे दीड किलोचे पैसे! तोच स्टोल सपाट घडी करून ४ सेंटिमीटर उंचीच्या पाकिटात बसवला तर ६०० ग्रॅम. आई, तुला ते लाल खोकं आवडतं हे ठाऊक आहे, पण ते इथल्या प्रदर्शनापुरतंच ठेव. आत प्लास्टिकची पिशवी आणि सिलिका जेलची पुडी हवीच, पावसाळ्यात तर नक्की.

कस्टम्सच्या फॉर्मवर नुसतं ‘कपडा’ लिहू नका. ‘हातमागावर विणलेला स्टोल, १०० टक्के टसर सिल्क’ असं इंग्रजीत लिहा आणि एचएस कोड (मालाचा प्रकार सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ६२१४.१० टाका. चौकोनी आणि कोणतीही बाजू ६० सेंटिमीटरपेक्षा मोठी नसलेला रुमाल मात्र ६२१३ मध्ये जातो. ‘गिफ्ट’ लिहून किंमत कमी दाखवण्याचा सल्ला कोणी ना कोणी देईलच. ऐकू नका. पाकीट हरवलं की भरपाई कागदावरच्या किमतीवरच ठरते, पकडलं गेलं तर वेगळीच कटकट. लेबलवर धाग्याचं प्रमाण, ‘मेड इन इंडिया’ आणि आपलं नाव शिवलेलं असू दे.

अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या मालावरची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांसाठी बंद झाली. आता एका स्टोलवरही शुल्क लागतं. दर बदलत राहतात, म्हणून सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत (मुख्य टपाल कार्यालयात) डाकघर निर्यात केंद्राची चौकशी करताना त्या दिवशीचा दर विचारा आणि मगच ग्राहकाला एकूण रक्कम सांगा.

जर्मनीचं दुखणं निराळं. युरोपीय संघात १ जुलै २०२१ पासून बाहेरून आलेल्या कितीही स्वस्त वस्तूवर व्हॅट (जीएसटीसारखा कर) लागतो, जर्मनीत तो १९ टक्के. दारात पोस्टमन पैसे मागतो, ग्राहक वैतागून पार्सल नाकारतो. त्यात १३ डिसेंबर २०२४ पासून तिथल्या ग्राहकाला विकायचं तर युरोपीय संघातली एक जबाबदार व्यक्ती वा संस्था नेमून तिचं नाव-पत्ता मालावर किंवा पाकिटावर द्यावा लागतो. ही सेवा पैसे देऊन मिळते, पण चार-पाच स्टोलसाठी परवडणार नाही. माझं मत विचाराल तर जर्मनीला सध्या नम्रपणे नकार कळवा. अमेरिका महाग आहे, पण निदान आकडा आधी कळतो.

निर्यातीच्या बिलाची प्रत जपून ठेवा. पार्सल परत आलं आणि हा आपलाच माल हे दाखवता आलं नाही, तर तो आयात समजून आपल्याकडूनच शुल्क मागतील. पैसे बँकेत आले की पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे ते सांगणारा क्रमांक विचारतात; मालासाठी आगाऊ रक्कम असेल तर पी०१०३. तो दिला नाही तर रक्कम अडकून पडते. ग्राहकाकडून ऑनलाइन पैसे घेऊन आपल्याला देणारी कंपनी तिची फी आणि चलनबदलाची तफावत दोन्ही कापते, म्हणून किमतीत सात-आठ टक्के त्यासाठी धरा.

आई, लाल आणि निळ्या स्टोलवर ओलं पांढरं फडकं घासून बघ. रंग लागला तर तो स्टोल पाठवायचा नाही. रंगवाल्याकडून रंग अझो-फ्री (घातक अझो रसायनांशिवायचा) असल्याचा कागदही मागून घे.

बाबा, पॅन आणि पासबुकाचे फोटो आजच पाठवा, अर्ज मी इथून भरते.

तुमची,
चिमू