सदतिसाव्या आठवड्यातला ताप

फोंडा, ५ ऑगस्ट २०२५

प्रिय मानसी,

निरोप मिळाला. कालपासून १०१ ताप, अंग ठणकतंय, कोरडा खोकला, आणि तुझा पहिलाच प्रश्न: आता सिझेरियनच करावं लागेल का? नाही गं. नुसत्या फ्लूसाठी कुणी सिझेरियन करत नाही. पण हा ताप अंगावर काढू नकोस. वाढलेल्या गर्भाशयाने छातीचा पडदा वर ढकललाय, फुफ्फुसांना फुलायला जागा कमी आहे. म्हणून घरात इतरांना चार दिवसांत सोडणारा फ्लू गरोदर बाईच्या छातीत लवकर उतरतो.

आजच डॉक्टरांना गाठ आणि ओसेल्टामिविर या फ्लूवरच्या औषधाबद्दल विचार. ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, पाच दिवस. ताप आल्यापासून ४८ तासांत सुरू झाली तर सर्वांत जास्त उपयोग. तुला अजून वेळ आहे, म्हणून स्वॅबच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही. उशीर झाला तरी गरोदरपणात ती देतातच. चिठ्ठीशिवाय फार्मसीवाला देणार नाही. मळमळते, म्हणून पेज घेऊन मगच घे, आणि बरं वाटलं तरी पाच दिवस पुरे कर.

तापाला फक्त पॅरासिटामॉल: ६५० ची गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसात चारच्या वर नाही. सर्दीच्या तयार गोळ्यांतही बहुधा पॅरासिटामॉल असतं आणि नकळत डोस दुप्पट होतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड घरात असेल तर बाजूला काढून ठेव. या दिवसांत त्यांनी बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी आकसू शकते, गर्भजल कमी होऊ शकतं.

शिवाय हा गोव्याचा पावसाळा आहे. ऑगस्टमधला प्रत्येक ताप फ्लू नसतो. डेंग्यू, मलेरिया, शेतात वावर असेल तर लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप, तोसुद्धा. खोकला असला तरी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), डेंग्यूची एनएस-१ आणि मलेरियाची तपासणी करून घे. बाळंतपणाशी याचा थेट संबंध आहे: डेंग्यूत प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, उतरल्या तर भुलीचं पाठीतलं इंजेक्शन देता येईल का, रक्त तयार ठेवायचं का, हे सगळं त्या आकड्यावर ठरतं.

आता बाळंतपणाच्या ठरवलेल्या बेताकडे येऊ. कळा आणायची तारीख ठरलेली असेल आणि घाई करण्यासारखं कारण नसेल, तर ताप उतरून तुला ताकद येईपर्यंत ती पुढे ढकलायला सांग. बीपी वाढलंय किंवा बाळाची वाढ कमी आहे, असं काही असेल तर मात्र डॉक्टर थांबणार नाहीत, ते बरोबरच. कळा आपसूक सुरू झाल्या तर निघण्याआधी फोन करून फ्लूचं सांग, म्हणजे ते वेगळी खोली तयार ठेवतील. तुला मास्क, सोबत एकच माणूस, तोही न खोकणारा. आईच्या तापाने बाळाचे ठोके मिनिटाला १६०च्या वर जाऊ शकतात, म्हणून पट्टा बांधून सतत मॉनिटर लावतील. ठोके वाढलेले दिसले की लगेच घाबरू नकोस. आधी ताप उतरवतात, सलाइन देतात, गर्भाशयात संसर्ग नाही ना ते पाहतात. अंगात पाणी कमी पडलं तरी कळांसारखं दुखतं, म्हणून आत्तापासून पेज, शहाळं, पाणी घोट घोट चालू ठेव.

डिचोलीतल्या तुझ्या नर्सिंग होमला आजच विचार: ऑक्सिजन, वेगळी खोली, रात्री भूलतज्ज्ञ, नवजात बाळांचा विभाग आहे का? नसेल तर बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, जायची तयारी ठेव. फाइल, आधार कार्ड, रिपोर्ट एका पिशवीत.

पुढचं काहीही झालं तर रात्र काढायची नाही, थेट १०८: दम लागणं, छातीत दुखणं, ऑक्सिमीटरवर ९५च्या खाली आकडा, गोळीनेही न उतरणारा ताप, गुंगी, अंगावरून पाणी जाणं किंवा रक्त दिसणं. आणि बाळाची हालचाल. जेवून डाव्या कुशीवर पड आणि मोज. दोन तासांत दहा झाल्या नाहीत तर सकाळची वाट बघू नकोस.

बाळ झाल्यावर अंगावर पाजायचंच. दुधातून फ्लू जात नाही, उलट तुझी प्रतिकारद्रव्यं जातात. धोका खोकल्यातून आणि हातांतून आहे. मास्क लाव, साबणाने वीस सेकंद हात धू, पाजून झालं की पाळणा सहा फुटांवर. उठवत नसेल तर दूध काढून दे, घरातलं कुणी पाजेल. ओसेल्टामिविर चालू असली तरी दूध थांबवायचं नाही.

तुझी बाळंतपणाची तारीख २६, आणि २७ला चतुर्थी. गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधलेली, तिच्याखाली घरभर माणसं, आणि प्रत्येकाला बाळ हातात हवं. सासूबाईंना आत्ताच प्रेमाने सांग की यंदा बाळ दुरूनच बघायचं. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फ्लूची लस देता येत नाही. म्हणून घरातल्या मोठ्यांनी आजच टोचून घ्यावी, तिचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे जातात. तू बरी झालीस की तुझ्यासाठीही डॉक्टरांना विचार; सुईतून देतात ती निष्क्रिय लस, नाकातली नव्हे.

आज रात्री आठला ताप, ऑक्सिजनचा आकडा आणि हालचाली लिहून पाठव. कॅप्सूल मिळाली नाही तर त्याआधीच फोन कर, फोंड्याहून घेऊन येते.

तुझीच,
शर्मिला