शास्त्री नदीच्या मुखापासून उगमापर्यंत मुक्कामी एसटी गाडी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जयगडजवळ समुद्राला मिळणारी शास्त्री नदी संगमेश्वर तालुक्यात प्रचितगडाच्या परिसरात उगम पावते. खाडीकाठी आयुष्य गेलेल्या माणसाला ती नदी जिथून निघते तो डोंगर एकदा तरी पाहावा असे वाटतेच. याच ओढीने गेल्या डिसेंबरमध्ये आम्ही सहा जण शृंगारपूरमार्गे गडावर जाण्यासाठी निघालो. त्यांत महाविद्यालयात शिकणारी माझी पुतणी आणि तिची एक मैत्रीणही होती. गडाचा माथा काही आम्हाला गाठता आला नाही, कारण पायथ्यापर्यंतच्या प्रवासातच आमची निम्मी ताकद सरली होती. हा अनुभव आमच्यापुरता नाही, म्हणून तो सविस्तर लिहीत आहे.

पहाटे पाचला घर सोडले. पहिली गाडी जाकादेवीवरून निवळीपर्यंत, तिथून मुंबई-गोवा महामार्गावर उभे राहून मिळेल ती दुसरी गाडी संगमेश्वरपर्यंत आणि पुढे नायरी-शृंगारपूरकडे तिसरी, असा हा प्रवास आहे. अंतर सगळे मिळून शंभर किलोमीटरच्या आसपास. निवळीला पाऊण तास उन्हात गेला. पुढे चौपदरीकरणाच्या कामामुळे वळवलेल्या रस्त्यांवरून, धूळ खात आणि दर मैलाला थांबत संगमेश्वर गाठेपर्यंत साडेनऊ वाजले होते. आरवली ते वाकेड या पट्ट्यातील हे काम वर्षानुवर्षे रेंगाळल्याची झळ रोज प्रवास करणाऱ्यांना बसतेच, त्याविषयी या स्तंभातून पुष्कळांनी लिहिले आहे. आमची सकाळची गाडी निघून गेली होती आणि पुढची थेट दुपारी होती. शेवटी वडापची जीप धरली. ती माणसे भरेपर्यंत सुटेना. शृंगारपूरला पाय टेकले तेव्हा बारा वाजून गेले होते.

शृंगारपूर म्हणजे महाराणी येसूबाईंचे माहेर. संभाजीराजांचे काही काळ वास्तव्य असलेल्या या गावात तासभर थांबून चार गोष्टी विचाराव्यात अशी मनापासून इच्छा होती, पण थांबायला वेळच उरला नाही. वाटाड्या म्हणून सोबत आलेल्या गावातील काकांनी स्पष्ट सांगितले, की गडावर जायचे तर उजाडायच्या आत निघावे लागते. आम्ही मात्र एवढे लांब आलो आहोत या एकाच विचाराने पुढे निघालो. ही चूक आमची होती आणि ती मी मान्य करतो.

घाटमाथ्यावरून, पाथरपुंजच्या बाजूने येणारा माणूस बरीचशी उंची आधीच गाठून आलेला असतो. कोकणातून चढणाऱ्याला मात्र सह्याद्रीची सगळी भिंत पायाखाली घालावी लागते, आणि दुपारी तिचे कातळ तापलेले असतात. शेवटच्या टप्प्यात लोखंडी शिडी लागते. तिथे पोहोचलो तेव्हा चार वाजले होते. पुतणीच्या मैत्रिणीने शिडीला हात घातला आणि तिच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. शिडी धरलेली तिची बोटे थरथरत होती. सोड म्हटले तरी ती सोडेना. काकांनी एकेक बोट सोडवून तिला खाली बसवले, गूळ खायला दिला आणि इथूनच मागे फिरायचे असे बजावले. उतरताना अर्ध्या वाटेतच काळोख पडला. सहा जणांत विजेऱ्या दोन. आठ वाजता काकांच्या पडवीत येऊन बसलो आणि काकूंनी पुढे केलेली गरम पेज त्या मुलीने दोन्ही हातांनी वाटी धरून प्यायली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

त्या रात्री पडवीत झोपताना मनात आले, की हाच मुक्काम आदल्या रात्री झाला असता तर सकाळी सहाला ताज्या पायांनी निघालो असतो. तसा तो करायचा तर संध्याकाळी शृंगारपूरला पोहोचवणारी गाडी हवी. कोकणात मुक्कामी गाडी ही काही नवी गोष्ट नाही; रात्री गावात वस्तीला राहून सकाळी शाळेच्या मुलांना आणि बाजाराला निघालेल्या बायामाणसांना घेऊन परतणाऱ्या गाड्यांवर आपली कितीतरी गावे चालली आहेत. म्हणून माझी विनंती अशी आहे, की नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत निदान शनिवारी तरी जयगडहून दुपारी निघून निवळी, संगमेश्वर, नायरीमार्गे शृंगारपूरला मुक्कामाला जाणारी एक थेट गाडी सुरू करावी. तिचा पहिला उपयोग गावकऱ्यांनाच होईल. खाडीपट्ट्यातील मुलांना आपल्याच जिल्ह्यातील गड पाहायला स्वतंत्र वाहन भाड्याने घ्यावे लागणार नाही, हा लाभ त्यापाठोपाठचा.

पदभ्रमंतीच्या मोहिमा आखणाऱ्या मंडळांनाही काही सांगावेसे वाटते. मुंबईहून रात्रीच्या रेल्वेने येऊन भल्या पहाटे संगमेश्वर रोड स्थानकावर उतरायचे, बाकावर बसून तास काढायचे आणि डोळ्याला डोळा न लागता थेट चढाईला लागायचे, असे गट आम्हाला गावात ऐकायला मिळाले. गडाची माहिती देताना चढाईचे तास सांगितले जातात, पण त्याआधीच्या जागरणाचा हिशेब कोणी देत नाही. पायथ्याला एक पूर्ण रात्र झोप ही मोहिमेची अट असावी. हा परिसर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला लागून असल्याने वन विभागाची परवानगी आधी घ्यावीच लागते. त्या परवानगीतच चढाई सुरू करण्याची शेवटची वेळ सकाळी नऊ अशी नमूद करता येईल. मुक्कामाची सोय घराघरांतून झाली, तर चार पैसे गावातही राहतील.

पुतणीची मैत्रीण येत्या डिसेंबरात पुन्हा जायचे म्हणते आहे. हिवाळी वेळापत्रक ठरण्यापूर्वी संबंधितांनी या मागणीचा विचार करावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, जयगड (जि. रत्नागिरी)