वार्ताहराचा पगारही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की करिअर पुरवणीत पत्रकारितेवर हमखास लेख येतो. यंदाचा माझ्या मुलीने कापून ठेवला आहे. तिला बीएएमएमसीला (मास मीडियाची पदवी, पूर्वीचे बीएमएम) प्रवेश घ्यायचा आहे आणि माझा त्याला विरोध नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचे वाचून तसा समज होईल.

लेखात अँकर, पॉडकास्ट, सोशल मीडिया सगळे होते. शहर वार्ताहराबद्दल एक ओळ नव्हती. ठाणे-नवी मुंबईला तर त्याचीच सर्वात जास्त गरज आहे. नवी मुंबई महापालिकेची मुदत 2020 मध्ये संपली, ठाण्याची 2022 मध्ये. निवडणुका झाल्या त्या थेट जानेवारी 2026 मध्ये. एवढी वर्षे प्रशासकाला सभागृहात जाब विचारायला नगरसेवकच नव्हते. विचारणारा उरला तो बातमीदार. शीळ येथे 4 एप्रिल 2013 ला बेकायदा इमारत कोसळून 74 माणसे गेली. अशा इमारतींचे मजले चढत असतानाच बातमी यायला हवी, तर त्या भागात रोज पायी फिरणारे कोणीतरी हवे. स्टुडिओत बसून ते कळत नाही.

आमच्या ओळखीतला एक मुलगा हे काम मनापासून करतो. महापालिकेचे अर्थसंकल्पाचे पुस्तक मांडीवर घेऊन गेल्या वर्षीचा मूळ अंदाज आणि सुधारित अंदाज यांच्या आकड्यांखाली पेन्सिलीने रेघा मारताना मी त्याला पाहिले आहे. माहिती अधिकाराचा 10 रुपयांचा अर्ज, 30 दिवसांची वाट, मग अपील, हे सगळे तो स्वतःच शिकला. त्याला मिळते काय? छापून आलेल्या बातमीमागे मानधन. पेट्रोल स्वतःचे. आणि वर्धापनदिनाचा अंक जवळ आला की हातात जाहिरातींचे दरपत्रक आणि टार्गेट. ज्या बिल्डरने नाला बुजवला त्याच्याच ऑफिसात शुभेच्छा जाहिरात मागायची आणि आठवड्याने त्याच नाल्याची बातमी लिहायची, हे विशीतल्या पोराने कसे निभवायचे? मला त्याचा दोष दिसत नाही. दोष त्याला तिथे पाठवणाऱ्यांचा आहे.

पत्रकार आणि वृत्तपत्र कर्मचाऱ्यांचे पगार ठरवणाऱ्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी 2011 मध्ये अधिसूचित झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये त्या वैध ठरवल्या. पगारपत्रकावर नाव नसलेल्या या मुलापर्यंत त्यातले काहीच पोचलेले नाही.

बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 मध्ये ‘दर्पण’ सुरू केले तेव्हा ते जेमतेम विशीचे होते. दर 6 जानेवारीला पत्रकार दिनाच्या भाषणांत मुलांना हा वारसा ऐकवला जातो. जरूर ऐकवावा. पण कळव्यात एका खोलीचे भाडे भरता आले नाही, तर चांगला बातमीदार तिशीच्या आत एखाद्या पीआर एजन्सीत जाऊन बसतो. मग त्याने जमवलेले सोर्स, वॉर्डाची माहिती, कुठली फाइल कुठल्या टेबलावर अडते याची जाण, सगळेच शहराच्या हातून जाते.

आपल्याला दोन विनंत्या. पत्रकारितेवरच्या लेखासोबत आपल्या दैनिकात नवख्या वार्ताहराला सुरुवातीला किती पगार मिळतो, तो आकडा छापा. आणि आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या वार्ताहरांना जाहिराती आणाव्या लागतात की नाही, तेही स्पष्ट लिहा. प्रवेश अर्ज भरायची मुदत संपायच्या आत उत्तर मिळाले तर माझ्यासारख्या पालकांना त्याचा उपयोग होईल.

आपली नियमित वाचक,
कळवा (ठाणे)