कालवांत पैसे घालण्याआधी

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. वहिनींचा गुडघा आता बरा आहे हे वाचून बरं वाटलं. शेवटी तू सहज विचारल्यासारखं विचारलंयस, "खाडीकाठची जागा पडूनच आहे, कालवांचा प्रकल्प टाकावा म्हणतो, तुझं काय मत?" याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता आलं असतं, पण मग तू ते ऐकलं नसतंस. म्हणून लिहितोय. चहा घेऊन बस.

आधी एक खुळ काढून टाक. यात मोती नाहीत. मोत्यांचे शिंपले वेगळ्या कुळातले, आपलं कालव ते खायचं, हॉटेलात ज्याला ऑयस्टर म्हणतात ते. आणि जागा तुझी असली तरी खाडी तुझी नाही. कालवं जमिनीवर वाढत नाहीत, पाण्यात वाढतात. त्या पाण्यात आणि त्या खडपात (काठच्या खडकांत) आधीपासून कोण वावरतंय ते तू लहानपणी पाहिलंयस, फक्त तेव्हा तुझं लक्ष खेकड्यांकडे असायचं.

आमच्या शेजारच्या काकी अजून जातात. साठी कधीच उलटली. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला सुकती (ओहोटी) लांबवर जाते, एरवी पाण्याखाली असणारं खडप उघडं पडतं, तोच त्यांचा मुहूर्त. मी एकदा अष्टमीला, म्हणजे भांगाला (पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा), विचारलं, आज नाही गेलात? तर म्हणाल्या, "भांगाक खडपार जावन काय गावतला (मिळणार)?" पायात जुने बूट, कमरेला डबा, हातात लोखंडी टोकाचं हत्यार. कालवाची एक शिंप खडकाला सिमेंटसारखी चिकटलेली असते, ती सुटत नाही. काकी सोडवायच्या भानगडीत पडतच नाहीत. वरच्या झाकणाच्या कडेला एक नेमका ठोका, झाकण उडतं, टोकाने आतला गर उचलून त्याच्या पाण्यासकट डब्यात. खालची शिंप खडकावरच राहते. दोन-अडीच तास पाठ वाकलेली, मग पाणी चढायला लागतं की परत. बोटांवरच्या चिरांकडे बघवत नाही. आणि बाजारात तिसऱ्या (शिंपल्या) विकणारणींच्या शेजारी बसून वाटा लावला की पुण्या-मुंबईची मंडळी त्यावरही घासाघीस करतात.

डब्यातलं ते पाणी फेकायचं नसतं, हे वहिनींना सांग. गाळून सुक्यात घालायचं. कांदा, ओलं खोबरं, दोन सोलं, बस. टोमॅटो घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्याकडे जेवायला जात नाही.

आता तुझ्या प्रकल्पाकडे येतो. पद्धत अवघड नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने (तीच, कोचीची सीएमएफआरआय) १९७० च्या दशकात तुतीकोरीनला ती बसवली, पुढे केरळात अष्टमुडीच्या खाडीत बचत गटांनी उचलली. रिकाम्या शिंपांना भोक पाडून दोरीत ओवायच्या आणि त्या माळा बांबूच्या तराफ्यावरून पाण्यात सोडायच्या. कालवाचं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतं आणि मग कुठेतरी कायमचं चिकटतं. ते आपल्या माळेला चिकटावं एवढाच सगळा डाव. पावसाळा सरल्यावर माळा सोडल्या तर पुढच्या पावसाच्या आत काढणी. खायला काही घालावं लागत नाही, पाण्यातलं गाळून ते आपलं आपण जगतं. आपल्या राज्यात वनखात्याचा कांदळवन (खाडीकाठची खारफुटी) कक्ष २०१२ साली निघाला, २०१७ पासून कांदळवनाच्या गावांसाठी उपजीविकेची योजना आहे. तीत खेकडे, जिताडा मासा यांच्याबरोबर कालवंही येतात. पण ती योजना खाडीकाठच्या गावकऱ्यांच्या गटांसाठी आहे, कोथरूडच्या फ्लॅटमालकासाठी नाही. रागावू नकोस.

मांसाचा हिशेबही डोक्यात ठेव. कवचासकट दहा किलो काढलीस तर गर जेमतेम किलोभर. शिवाय जूनमध्ये पावसाने खाडीचं पाणी गोडं होतं. कालव झाकण मिटून काही दिवस काढतं, पण पावसाने फार दिवस धरलं तर मरतं. म्हणजे काढणी चुकली की वर्ष गेलं.

पण माझी खरी अडचण वेगळीच आहे. मासा घाण पाण्यातून पळून जातो, कालव कुठे जाणार? मोठं कालव तासाला काही लिटर पाणी गाळतं, आणि त्या पाण्यातलं जे असेल ते पोटात घेऊन बसतं. गावात आता घरोघरी संडास झाले, चांगलंच झालं, पण त्यांच्या टाक्या कुठे झिरपतात ते कुणी विचारत नाही. वर खाडीच्या तोंडाशी नवे होमस्टे. आपण कालव शिजवून खातो म्हणून निभतं. तुझ्या डोक्यात मुंबईची हॉटेलं आहेत, तिथे लिंबू पिळून जिवंत खातात. त्यांना विकायचं तर आधी स्वच्छ खाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवून माल साफ करायला हवा, तपासणी हवी, बर्फ हवा, आणि रोज वीज हवी. इथल्या विजेबद्दल मी काय लिहू!

तुझी मुलगी न्यूयॉर्कला आहे ना, तिला विचार. एकेकाळी त्या शहरात कालवं हे गरिबाचं खाणं होतं, गाड्यावर मिळायचं. शहराचं सांडपाणी बंदरात गेलं, टायफॉइडच्या साथी आल्या आणि १९२७ पर्यंत कालवं काढायची शेवटची जागाही बंद झाली. आता २०१४ पासून एक संस्था तिथे पुन्हा कालवं सोडतेय, ती खाण्यासाठी नाही, पाणी सुधारावं म्हणून. खायची अजूनही मनाई.

इतकं लांब कशाला, वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर कोळणी कालवं काढायच्या. मार्च २०२४ मध्ये किनारी रस्ता सुरू झाला, त्याच्या भरावाखाली तिथला बराच किनारा गेला. नुकसानभरपाईची वेळ आली की होडी मोजता येते, जाळं मोजता येतं. पायी जाऊन हाताने काढणाऱ्या बाईकडे दाखवायला काय असतं? डबा?

म्हणून माझं मत असं. स्वतःचा प्रकल्प नको. इथल्या बायकांचा एक गट धडपडतोय, काकींची सूनही त्यात आहे. बांबू आणि दोरी त्या करतील. त्यांना हवीय ती साफसफाईची टाकी आणि दर महिन्याला पाणी तपासून आणायचा खर्च. त्यात पैसे घाल, बिनव्याजी, आणि जागेवर टाकी बसवू दे. परतावा काय मिळेल ते मला विचारू नकोस, मी काही बँक नाही.

येणार असलास तर मेच्या अमावास्येला ये, सुकती भरपूर मिळेल. जाड तळव्याचे बूट आण, सँडल नको. काकींना मी सांगून ठेवलंय, त्यांनी विचारलं, "तो खेकड्यांमागे धावणारो?" तो तूच.

वहिनींना नमस्कार, मुलीला आशीर्वाद. उत्तर सविस्तर लिही.

तुझा,
अण्णा