लॅगिंगच्या आत काय चाललंय तेही बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत सध्या ओव्हरहॉलिंगची गडबड चालू आहे, दसऱ्याच्या आसपास बॉयलर अग्निप्रदीपनाचे कार्यक्रम लागतील, त्याच्या आत हे पत्र छापून आलं तर बरं होईल. मी ३० वर्षं मेंटेनन्सला काढली, आता घरी आहे, पण लॅगिंगच्या, म्हणजे पाईपवर गुंडाळलेल्या लोकर-पत्र्याच्या आवरणाच्या आत चढणाऱ्या गंजाची ही गोष्ट डोक्यातनं जात नाही.

आमच्याकडं एका हंगामात गाळप सुरू होऊन चारच दिवस झालेले, आणि एक्झॉस्ट लाईनच्या (टर्बाइनमधनं बाहेर पडणारी वापरलेली वाफ नेणारा पाईप) बेंडला लॅगिंगमधनं वाफ यायला लागली. जवळ काम करणाऱ्या हेल्परचा हात भाजला, पोरगं विशीतलं. वरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा अगदी चकचकीत, मागच्याच वर्षी ठेकेदारानं बसवलेला. लाईन बंद करून पत्रा काढला तर आतलं ग्लासवूल, म्हणजे काचेची लोकर, ओलंगच्च, आणि पाईपवरनं गंजाचे पोपडे हातभर निघाले. ६ मिलीमीटर जाडीचा पाईप, हातोडीनं हलकं टोकलं तर आरपार. जुन्या भिजलेल्या लोकरीवरच नवीन पत्रा गुंडाळला होता, हे तेव्हा कळलं.

लोकांना वाटतं गरम पाईपला गंज कसा चढेल, पाणी तर वाळून जाणार. खरं उलटं आहे. साध्या लोखंडी पाईपला सगळ्यात जास्त खातं ते साधारण ५० ते १७५ अंशाच्या दरम्यान, आणि आपली एक्झॉस्टची वाफ, रस आटवताना निघणाऱ्या वाफेच्या, म्हणजे व्हेपरच्या लाईनी सगळ्या त्याच पट्ट्यात येतात. उघड्या भांड्यात पाणी तापलं की त्यातली हवा निघून जाते आणि गंजाचा जोर कमी होतो, पण लॅगिंगच्या आत ते कोंडलेलं असतं, पाण्याची वाफ होते, थंड पत्र्याला लागून परत पाणी होतं आणि परत पाईपवर येतं. बॉयलरमधनं निघणारी मेन स्टीम लाईन चालू असताना एवढी तापते की तिथं पाणी टिकतच नाही, पण ऑफ सीझनमध्ये ती पण थंड पडते. आणि आपला ऑफ सीझन म्हणजे नेमका पावसाळा! जून ते सप्टेंबर गगनबावड्याकडनं येणारा पाऊस बघितलाय सगळ्यांनी, चार महिने ती लोकर स्पंजासारखी पाणी पिऊन बसते आणि मग आपण त्यातच वाफ सोडतो.

पाणी आत जातं कुठनं, तर व्हॉल्व्हच्या कडेनं, सपोर्टपाशी, प्रेशर गेजच्या निपलपाशी (जोडाच्या आखूड नळीपाशी), आणि माणसं पाईपवर पाय देऊन चालतात त्यानं दबून उघडलेल्या जोडातनं. पत्रा कौलासारखा बसला पाहिजे, वरच्याची कड खालच्यावर, आणि लांबीचा जोड वरती न ठेवता बाजूला, तोंड खाली करून. सीलंट उन्हानं तडकतं म्हणून ते दर वर्षी बघायला लागतं. सगळ्यात खालच्या ठिकाणी पाणी निघायला छोटं भोक ठेवायचं, हे तर कुणी करतच नाही.

पण पत्रा कितीही चांगला बसवला तरी कधी ना कधी पाणी जाणारच, म्हणून खरी राखण पाईपवरच्या रंगाची. वायर ब्रश मारून रेड ऑक्साईडचा एक हात, याला मी रंग म्हणत नाही, गरम ओलाव्यात तो टिकत नाही. ब्लास्टिंग करून, म्हणजे बारीक खड्यांचा मारा करून गंज काढून, त्या तापमानाला चालणारं इपॉक्सी फिनॉलिक कोटिंग करा, खर्च जास्त आहे मान्य, पण हंगामात एक दिवस गाळप थांबलं तर किती जातं ते एमडी साहेबांना माझ्यापेक्षा चांगलं माहितीये. आणि स्टेनलेसचे पाईप आहेत म्हणून निर्धास्त राहू नका, ओल्या लोकरीतल्या क्लोराईडनं ३०४ आणि ३१६ या नेहमीच्या स्टेनलेसच्या जातींना गरम असताना तडे जातात, जाडी तेवढीच दिसते आणि पाईप चिरलेला असतो. डेअरीच्या थंड पाण्याच्या लाईनींना पाऊस नसला तरी बाहेरची हवाच आत जाऊन घाम येतो, त्यांनीही बघावं.

सगळं लॅगिंग काढा असं मी म्हणत नाही. बेंडच्या खालची बाजू, सपोर्ट, लहान निपल, उतारावरची खालची टोकं, एवढ्या ठिकाणी हातभर उघडा, जाडी मोजायचा थिकनेस मीटर लावा, रीडिंग वहीत लिहून ठेवा म्हणजे पुढच्या वर्षी किती घटलं ते कळेल. लोकर ओली लागली तर फेकून द्या, वाळवून परत बसवू नका. आणि ठेकेदाराचं बिल पास करायच्या आधी, पत्रा चढायच्या अगोदर, आपल्या एका माणसानं तो उघडा पाईप डोळ्यानं बघितलेला असावा. अजून दोन-तीन आठवडे हातात आहेत.

आपला,
एक निवृत्त मेंटेनन्स फोरमन, कोल्हापूर